गिलाव्याचा मकबरा

गेल्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाची सहल छत्रपती संभाजीनगर, अजिंठा आणि वेरूळ येथे गेली होती. सहलीचे वर्णन या वार्षिकात दरवर्षी कोणी ना कोणी लिहितोच. पहाटे सुटलेली एस. टी., कसाऱ्याच्या घाटातला गारठा, गाण्यांच्या भेंड्या, येवल्याजवळ घेतलेला चहा या साऱ्या गोष्टी ते ओघात येतात आणि वाचायला बऱ्याही वाटतात. पण मला सहलीचे वर्णन करायचे नाही. मला लिहायचे आहे ते एका हसण्याविषयी. ते हसणे माझेच होते, आणि इतके दिवस झाले तरी ते मला सोडीत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही बीबी का मकबरा पाहायला गेलो. उंच दरवाजातून आत शिरले की लांबलचक पाण्याचे पाट, दोन्ही बाजूंना फरसबंद वाटा, बाग, आणि समोर चबुतऱ्यावर चार मिनारांच्या मध्ये उभी असलेली ती पांढरी इमारत. ताजमहाल मी पाहिलेला नाही. आमच्या घरात कोणीच पाहिलेला नाही. त्यामुळे मला तुलना करता येत नव्हती आणि मी अगदी मनापासून पाहत होतो. तेवढ्यात आमच्या गाईडने ठरलेले वाक्य टाकले, "हा दख्खनचा ताज. याला गरिबांचा ताज असेही म्हणतात." मग त्याने दोन्ही इमारतींच्या खर्चाचे आकडे सांगितले. आम्ही चबुतऱ्यावर चढलो. एक वर्गमित्र भिंतीपाशी गेला, त्याने बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहिली आणि ओरडला, "अरे, हा संगमरवर नाहीच! नुसते प्लास्टर आहे! बादशहाचे पैसे संपले आणि शेवटी गवंड्याकडून गिलावा मारून घेतला!"

सगळे हसले. भिंतीला हात लावल्याबद्दल सर रागावले, पण तेही थोडे हसलेच. आणि मित्रहो, त्या सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

माझे वडील गिलाव्याचे काम करतात. ठाण्याला, बाळकुमात, आमच्या घराच्या पडवीत एका खुंटीला त्यांची थापी, ओळंबा आणि लाकडी रंधा टांगलेला असतो. दहावीच्या आणि बारावीच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली बिगाऱ्याचे काम केले आहे. घमेली उचलली आहेत, वाळू चाळली आहे, परांचीवर बसून डबा खाल्ला आहे. ही गोष्ट वर्गात कोणाला ठाऊक नव्हती, कारण मी ती कोणाला सांगितली नव्हती. महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. त्यात मी 'बांधकाम व्यवसाय' असे लिहिले होते. ते खोटे नव्हते. पण खरेही नव्हते. 'नुसता गिलावा' या शब्दांवर मी जो मोठ्याने हसलो तो बहुधा एवढ्याचसाठी की, माझ्या न हसण्याचा कोणाला संशय येऊ नये.

त्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी मला झोप आली नाही. परत आल्यावर मी ग्रंथालयातून आणि इतर ठिकाणांहून मकबऱ्याविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्याला अभ्यास म्हणता येणार नाही. मनाला लागलेली टोचणी, एवढेच. पण त्या टोचणीमुळे मी जे वाचले ते कोणत्याही परीक्षेसाठी वाचले नसते.

मकबरा आहे दिलरसबानू बेगमेचा. ती औरंगजेबाची पहिली पत्नी, इराणच्या सफवी राजघराण्याशी नाते सांगणाऱ्या शाहनवाझखानाची मुलगी. १६५७ सालच्या ऑक्टोबरात, बाळंतपणानंतर महिन्याभरात, ती औरंगाबादेस वारली. औरंगजेब तेव्हा बादशहा झालेला नव्हता. दख्खनचा सुभेदार होता. मृत्यूनंतर तिला 'राबिया-उद्-दौरानी' हा किताब मिळाला आणि त्याच नावाने ती ओळखली जाऊ लागली. पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेले असते की, हा मकबरा तिचा मुलगा आझमशहा याने १६५१ ते १६६१ या काळात आईच्या स्मरणार्थ बांधला. मी कागदावर साधी वजाबाकी केली. आझमशहाचा जन्म १६५३ चा. म्हणजे काम सुरू झाले म्हणतात तेव्हा तो जन्मलेलाही नव्हता, आणि ज्या आईच्या स्मरणार्थ बांधायचे ती जिवंत होती! काम पुरे झाले तेव्हा तो सात-आठ वर्षांचा असणार. म्हणून आता बरेच अभ्यासक बांधकामाची आज्ञा औरंगजेबाचीच मानतात. पुस्तकात छापलेली गोष्टही ओळंबा लावून पाहावी लागते, हे मला त्या वजाबाकीने शिकवले.

खर्चाचा आकडा गाईडने बरोबर सांगितला होता. गुलाम मुस्तफा याच्या 'तारीखनामा'च्या आधाराने तो सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे इतका देतात. ताजमहालाचा खर्च सुमारे तीन कोटी वीस लाख सांगतात. म्हणजे मकबऱ्याला ताजच्या जवळजवळ पन्नासाव्या हिश्श्याएवढा पैसा मिळाला. हसण्याची सारी गंमत या आकड्यातच आहे.

पण गाईडने एक गोष्ट सांगितली नव्हती, किंवा आमच्या गडबडीत ती मला ऐकू आली नव्हती. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर एक लेख आहे आणि त्यात बांधणाऱ्यांची नावे आहेत. वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. हा अताउल्ला कोण? तर ज्या उस्ताद अहमद लाहोरीला ताजमहालाचा मुख्य वास्तुविशारद मानतात त्याचा मुलगा! हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. बापाने ताज उभा केला. मुलाला त्याच धर्तीची इमारत उभी करायला सांगण्यात आली, आणि बापाला मिळाले होते त्याच्या पन्नासाव्या हिश्श्यात. असा मुलगा काय करील? तो नाही म्हणू शकत नव्हता. त्याला आणि हंसपतरायाला जो प्रश्न सोडवायचा होता तो सौंदर्याचा होता, तितकाच हिशेबाचाही होता.

त्यांनी तो कसा सोडवला, हे इमारतीकडे नीट पाहिले म्हणजे समजते. आवाराला त्यांनी हात आखडला नाही. उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २७५ मीटर अशी ती प्रचंड चौकट आहे. भोवती कोनाड्यांची आणि बुरुजांची उंच भिंत, उत्तर, पूर्व आणि पश्चिम या तीन बाजूंना मध्यावर बारादऱ्या आणि दक्षिणेला प्रवेशद्वार. आत चार भागांत विभागलेली बाग. दारातून आत आलेल्या माणसाला समोरच्या इमारतीपर्यंत दूर चालत जावे लागते आणि त्या चालण्यातच इमारत मोठी होत जाते. मोकळ्या जागेला संगमरवराइतका पैसा पडत नाही.

संगमरवर मात्र दुरून आणायचा होता, जयपूरकडच्या खाणींतून. तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला जात असताना त्याला वाटेत संगमरवराने भरलेल्या सुमारे तीनशे गाड्या भेटल्या होत्या आणि त्यांतल्या लहानातल्या लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे दगडाच्या किमतीपेक्षा त्याची वाहतूकच भारी! आणि भोवतालचा मुलूख कसला? सारा काळ्या पाषाणाचा. तो पाषाण मजबुतीला कोणालाही हार जाणार नाही; पण रंगाने काळा, आणि त्यावर नाजूक कोरीव काम करणे संगमरवराइतके सोपे नाही.

तेव्हा त्यांनी संगमरवर जपून वापरला. भिंतीच्या खालच्या पट्ट्याला, जिथे माणसाची नजर जवळून पडते, हात लागतो, पावसाचे पाणी उडते, तिथे संगमरवर. सर्वांत वर, जो लांबून दिसतो तो घुमट संगमरवराचा. या दोहोंच्या मधला सगळा भाग स्थानिक काळ्या पाषाणाचा, आणि त्यावर चुन्याचा बारीक, घोटून चकचकीत केलेला गिलावा. त्या गिलाव्यातच वेलबुट्टी, फुले, नक्षीचे चौकोन उठवलेले आहेत. बेगमेची कबर जमिनीच्या पातळीखाली आहे. खाली पायऱ्या उतरून जावे लागते आणि कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. वरच्या दालनाच्या जमिनीला मध्यभागी अष्टकोनी तोंड ठेवले आहे. कठड्याशी उभे राहून खाली पाहिले की कबर दिसते. डोक्यावरच्या एवढ्या मोठ्या घुमटाचा भार कमानींवरून भिंतींत उतरवला आहे. म्हणून मधली जागा अशी मोकळी राहू शकते आणि वरचा उजेड खाली मातीपर्यंत पोहोचतो.

ताजशी तुलना केली तर मकबऱ्यात उणिवा नाहीत असे मी म्हणत नाही. जाणकार म्हणतात की मुख्य इमारत मिनारांच्या मध्ये दाटल्यासारखी, अंग चोरून उभी आहे. छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली तर ते मलाही पटते. पण प्रमाण चुकले असेल तर तो दोष आखणीचा आहे. गिलाव्याचा नाही.

याच सुमारास आम्हाला प्राचीन जगाच्या इतिहासात चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याची समाधी अभ्यासाला होती. तो इसवी सनापूर्वी २१० मध्ये वारला. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना तिथल्या मातीच्या सैनिकांचा पहिला सुगावा लागला आणि पुढे असे हजारो सैनिक बाहेर आले. समाधीचा मुख्य भाग अजून मातीच्या उंच टेकाडाखाली न उकरलेलाच आहे. सम्राटानंतर शंभरेक वर्षांनी सिमा छ्येन या इतिहासकाराने लिहिले की, आत पाऱ्याच्या नद्या वाहवल्या होत्या, चोर शिरला तर आपोआप बाण सुटावेत अशी यंत्रे बसवली होती, आणि हे सारे ज्यांनी घडवले त्या कारागिरांना गुपित फुटू नये म्हणून आतच कोंडून दारे बंद केली. त्या टेकाडाच्या मातीत पाऱ्याचे प्रमाण खरोखरच जास्त आढळले आहे. मातीच्या काही सैनिकांवर ते घडवणाऱ्या कारागिरांची नावेही सापडली आहेत. मला क्षणभर आनंद झाला. पण ती नावे गौरवासाठी नव्हती. काम खराब निघाले तर कोणाला धरायचे हे कळावे, यासाठी होती, असे अभ्यासक मानतात.

त्या मानाने आपल्या मकबऱ्याचे दार उघडे आहे, आणि त्या दारावरची दोन नावे मानाने लिहिलेली आहेत. पण तीही दोनच. ज्याने परांचीवर बसून तो गिलावा घोटला, ज्याच्या बोटांखालून ती फुले उमटली, त्याचे नाव दारावर नाही. तशी अपेक्षाही कोणी केली नसेल.

आता घरची गोष्ट सांगतो. सहलीहून आल्यावर आठवड्याने, एका रविवारी, बाबांनी आपणहून विचारले, "काय काय बगलास?" मी मोबाइलमधली छायाचित्रे दाखवू लागलो. गटाची छायाचित्रे त्यांनी भराभर पुढे सरकवली. मकबऱ्याच्या भिंतीचे एक छायाचित्र आले तेव्हा ते थांबले. "यो मना जवळून दाखव," म्हणाले. मी चित्र मोठे केले. बाबांनी चष्मा लावला आणि मोबाइल उजेडात धरून ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "यो चुना हाय. सिमेंट नाय."

माझ्या आजोबांनी चुन्यात काम केले होते. बाबा त्यांच्याकडून ऐकलेले सांगू लागले. खाडीच्या शिंपल्या नाहीतर चुनखडी भट्टीत भाजायची. भाजलेली कळी पाण्यात टाकली की ती उकळल्यासारखी खदखदते, वाफा येतात. असा विरवलेला चुना खड्ड्यात पाण्याखाली ठेवून द्यायचा. जितका जुना तितका लोण्यासारखा. मग बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचा. चांगल्या कामाला त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी असे काय काय घालायचे. भिंतीवर थर चढवला की तो ओला ठेवायचा, सुकू द्यायचा, पुन्हा चढवायचा आणि शेवटचा हात गुळगुळीत दगडाने घोटायचा. "सिमेंट उद्या घट होतं," बाबा म्हणाले, "चुना घाई ऐकत नाय. तो वरसानुवरसं घट होत जातो."

तेव्हा मी त्यांना वर्गातला विनोद सांगितला. मी हसलो होतो हे सांगितले नाही. 'पोरे हसली' एवढेच सांगितले. बाबांना राग आला नाही. ते मोबाइलकडेच पाहत होते. म्हणाले, "पैसे कमी व्हते म्हनून गिलावा केला, आसां नाय. गिलावा करनारी मानसां व्हती, म्हनून तेवढ्या पैशात झाला."

या वाक्यावर मी अजून विचार करतो आहे. ग्रंथांतून मला इतके सरळ वाक्य सापडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी विज्ञान शाखेतल्या एका मित्राला गाठले आणि चुना वर्षानुवर्षे घट्ट होतो म्हणजे काय, हे विचारले. त्याने वहीच्या मागच्या पानावर समीकरणे मांडून दाखवली. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घातले की तो विरतो. भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे पुन्हा दगड होतो. मी विचारले, "आणि संगमरवर?" तो म्हणाला, "संगमरवर म्हणजे पृथ्वीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने बदललेली चुनखडी. तोही कॅल्शियम कार्बोनेटच."

म्हणजे मकबऱ्याच्या भिंतीवर खालचा पट्टा आणि वरचा गिलावा हे दोन्ही मुळात एकाच द्रव्याचे आहेत! फरक एवढाच की, एक पृथ्वीने तयार केला आणि दुसरा माणसाने भाजून, भिजवून, मळून, घोटून पुन्हा दगडपणाला आणला. आम्ही ज्याला 'नकली संगमरवर' म्हणून हसलो तो नकली नव्हता. संगमरवराचा तो गरीब घरातला सख्खा भाऊ होता.

ही गोष्ट कळल्यावर सहलीचे पुढचे दोन दिवस मला नव्याने आठवू लागले. अजिंठ्याला पद्मपाणीसमोर आम्ही सारे गप्प उभे होतो. तिथे कोणी विनोद केला नाही. पण ते चित्र कशावर काढले आहे? खडबडीत कातळावर नव्हे. कातळावर माती, भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, आणि मग चित्रकाराने कुंचला उचलला. वेरूळच्या कैलासावरही एके काळी गिलावा आणि रंग होता. त्याच्या खुणा अजून काही ठिकाणी दिसतात. म्हणजे चित्रकाराच्या आधी गिलावेवाला त्या भिंतीपाशी येऊन गेला होता. अजिंठ्यात तो चित्राखाली लपला आहे. मकबऱ्यात मात्र तोच चित्रकार आहे आणि त्याचे काम उघड्यावर आहे. आणि नेमके तिथेच आपण त्याला हसतो.

आणखी एक गोष्ट वाचली. अशा जुन्या इमारतीचा गिलावा निघाला तर त्या जागी सिमेंट लावून भागत नाही. सिमेंट फार कडक; ते भिंतीतली ओल कोंडून ठेवते, क्षार बाहेर येतात आणि शेजारचा जुना चुनाही सुटू लागतो. तिथे चुनाच लागतो, आणि चुना जाणणारा माणूस लागतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बादशाही इमारतीला आजही गवंड्यावाचून गत्यंतर नाही.

आमचे बाळकुम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कशेळीच्या पुलावरून भिवंडीला जाता-येता पाहिले असेल. माझ्या आजोबांच्या काळी इथे भातशेती होती, खाडीकडे खाजणे होती. आता त्या जागी टोलेजंग इमारती आहेत. त्यांतल्या काहींत बाबांच्या हातचा गिलावा आहे. गिलावा कसा करतात हे मी जवळून पाहिले आहे. आधी भिंतीवर ठरावीक अंतरावर मसाल्याचे ठिपके लावायचे आणि ओळंब्याने ते एका पातळीत आणायचे. मग त्या ठिपक्यांना धरून मसाला थापायचा, पट्टी ओढायची आणि रंधा फिरवायचा. कोपरा काटकोनात उतरला की बाबा एक डोळा मिटून खालपासून वरपर्यंत पाहतात आणि काही न बोलता पुढे सरकतात. त्या काही न बोलण्याचा अर्थ काम जमले असा असतो. नंतर त्यावर लांबी लागते, रंग लागतो आणि बाबांचे काम कायमचे दिसेनासे होते. घरात राहायला येणाऱ्या माणसाला भिंत सरळ आहे हे जाणवतही नाही. वाकडी असती तर मात्र लगेच जाणवली असती.

मागे एकदा संध्याकाळी आम्ही दोघे बाजारातून परतत होतो. एका नव्या इमारतीपाशी बाबा थांबले आणि बोट दाखवून म्हणाले, "ती अकराव्या मजल्यावरची कडेची खोली मी केली." मी म्हटले, "आत जाऊन बघू या का?" ते म्हणाले, "आता तिथं आपलां काय काम?" आणि चालू लागले. त्या वेळी मला त्या बोलण्यात काही वाटले नव्हते. आता वाटते.

दारावरच्या लेखाविषयी मी बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी ती दोन नावे लक्ष देऊन ऐकली. मी म्हटले, "पण गिलावा करणाऱ्याचे नाव कुठेच नाही." ते म्हणाले, "नाव कशाला? भिंतीला भेग हाय का, ते सांग." मी पुन्हा छायाचित्रे काढली. काही ठिकाणी गिलावा काळवंडला होता, कुठे टवका उडालेला होता. पण मोठा भाग घट्ट बसलेला होता. बाबांनी मान हलवली. "हात बसलेला मानूस व्हता," म्हणाले. साडेतीनशे वर्षांत त्या अनाम माणसाला मिळालेली ही दाद किती मोठी आहे, ती मला ठाऊक आहे. कारण असे शब्द बाबा सहसा कोणाच्या कामाविषयी काढीत नाहीत. माझ्याविषयी तर अजून काढलेले नाहीत.

हे सारे मी वर्गात तोंडाने सांगू शकलो असतो. पण तेवढे धैर्य झाले नाही, म्हणून लिहीत आहे. ज्या मित्राने तो विनोद केला त्याच्यावर माझा राग नाही. त्याला गिलावा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते आणि तरीही मी हसलो. दोष असेल तर तो माझा आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. ही पायरी चढताना मागे वळून पाहू नये अशी माझी काहीतरी चुकीची समजूत झाली होती. अताउल्लाने बापाचे नाव लपवले असते तर त्याला हे काम मिळालेच नसते.

बाबांना मकबरा दाखवायचा असे मी ठरवले आहे. मी विचारले तेव्हा त्यांनी आधी भाडे किती, खाडा किती दिवसांचा होईल, हे विचारले. मग थोड्या वेळाने, ओटीवर बसून करवतीला धार लावीत असताना, मधेच मान वर करून म्हणाले, "भिंतीच्या अगदी जवळ जाऊ देतात का रं?"

मी म्हटले, "जाऊ देतात. हात मात्र लावू देत नाहीत."

ते म्हणाले, "हात नाय लावनार. बगून कलतं."

जूनमध्ये तृतीय वर्षाचा प्रवेश-अर्ज भरायचा आहे. त्यात 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना पुन्हा येईल. त्यात काय लिहायचे ते आता ठरले आहे: गिलावा कारागीर.

— द्वितीय वर्ष, कला शाखा